पोरगं कामाला लागलं, पण कामगार झालं का?

(विहाराच्या वर्धापनदिनी भोकरदन येथे केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)





समितीने मला सांगितले की तुम्ही कामगारांच्या प्रश्नावर बोला. या विषयावर बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस. जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये भट्टीच्या तोंडाशी तीस वर्षांवर काढली. जे काही वाचले ते रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत आणि कामगार कार्यालयाच्या बाकड्यावर नंबर येईपर्यंत बसून वाचले. त्यामुळे माझ्या बोलण्यात पुस्तकी शिस्त नसेल, पण कलम सांगेन ते बघून सांगेन.

मी आज सगळ्या कामगारांवर बोलणार नाही. एकाच प्रकारच्या पोरांवर बोलणार आहे. आपल्या वस्तीत कोणाच्याही घरी जा. "पोरगं लागलं का हो कुठं?" असे विचारले की आई सांगते, "लागलं, ट्रेनी म्हणून लागलंय." दोन वर्षांनी पुन्हा विचारा. "आता अप्रेंटिस केलंय." अजून दोन वर्षांनी विचारा. "ती कंपनी सोडली, आता दुसरीकडं ट्रेनिंगला आहे." पोराला मिसरूड फुटली, लग्न झाले, मांडीवर लेकरू आले, तरी त्याचे शिकणे काही संपत नाही! वकील सुद्धा एवढी वर्षे शिकत नाही.

तर हे पोरगं कामाला लागलं हे खरं. पण ते कामगार झालं का? हा प्रश्न शब्दांचा खेळ नाही. त्याच्यावर पगार अवलंबून आहे, बोटे तुटली तर भरपाई अवलंबून आहे, आणि युनियनने लढून मिळवलेला करार किंवा कोर्टाचा निवाडा त्याला लागू होतो का नाही तेही अवलंबून आहे.

निवाडा म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण माता-भगिनींना हा शब्द कोर्टकचेरीचा वाटतो. कामगार आणि मालक यांचे पटले नाही, सरकारी अधिकाऱ्याने मध्ये पडून तडजोड केली तरी जमले नाही, तर वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जातो. तिथे जो निकाल होतो तो निवाडा. मुंबईच्या कापड गिरण्यांत १९४७ साली असाच मोठा निवाडा झाला आणि २६ दिवसांच्या महिन्याला मूळ पगार किमान ३० रुपये ठरला, वर महागाई भत्ता वेगळा. निवाड्याची गंमत अशी, की तो फक्त भांडणाऱ्याला लागू होत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या १८ व्या कलमात स्पष्ट होते, की निवाडा त्या कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना बांधील, आणि जे नंतर भरती होतील त्यांनाही. म्हणजे तुमच्या बापाने गेटवर उपोषण केले, त्याचे फळ उद्या लागणाऱ्या पोरालाही मिळते. अट एकच. ते पोरगं कायद्याच्या व्याख्येत "कामगार" असले पाहिजे. व्याख्येच्या दाराबाहेर उभे असेल तर आत पंगत बसलेली असूनही त्याच्या पत्रावळीवर काही पडत नाही.

आता ही व्याख्या कशी होती ते ऐका. १९४७ च्या कायद्यात कामगार कोण हे सांगताना "शिकाऊ उमेदवारासह" असा शब्द घातलेला होता. म्हणजे शिकाऊ पोरगं आत होते. त्याच्या आधी १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि हे विधेयक त्यांनीच मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. या कायद्याखाली जे नमुना स्थायी आदेश निघाले त्यात कामगारांचे वर्ग दिले आहेत: कायम, परीविक्षाधीन, बदली, तात्पुरता, नैमित्तिक, आणि शेवटी शिकाऊ. शेवटी का असेना, यादीत होता. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही सरकारला शिकाऊंसाठी वेगळा दर ठरवता येईल असे लिहिले होते. वेगळा दर, म्हणजे कमी असेल, पण दर असेल.

मग १९६१ साली शिकाऊ उमेदवार कायदा आला. या कायद्याला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. मालकाने ठराविक प्रमाणात पोरे शिकायला घेतलीच पाहिजेत ही सक्ती याच कायद्याने केली. त्याच्या आधीचा कायदा १८५० चा, इंग्रजांच्या कंपनी सरकारचा. त्यात अनाथ आणि गरीब लेकरांना दहाव्या वर्षापासून एखाद्या धंदेवाल्याकडे बांधून द्यायची तरतूद होती. त्या मानाने १९६१ चा कायदा माणसात आणणारा. १४ व्या कलमाने कारखाना कायद्यातली आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याणाची प्रकरणे शिकाऊ पोराला कामगारासारखीच लागू केली. १६ व्या कलमाने अपघात झाला तर मालकाने नुकसानभरपाई द्यायची. १९७३ च्या दुरुस्तीने ३-अ कलम घातले आणि शिकाऊंच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा दिल्या. (आपण बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचा हक्क १९९० साली मिळाला हे विसरू नका. मधली सतरा वर्षे आपल्या पोरांनी कोणता दाखला दाखवायचा, हे कोणी विचारले नाही.)

पण त्याच कायद्यात १८ वे कलम आहे. ते सांगते, की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगारविषयक कोणताही कायदा त्याला लागू होणार नाही. दोन ओळींचे कलम आहे. पण त्या दोन ओळींनी १९४७ च्या व्याख्येत आत बसवलेल्या पोराला पुन्हा ओसरीवर आणून बसवले.

भांडण झाले तर ते कुठे न्यायचे? न्यायाधिकरणाकडे नाही. २० व्या कलमाप्रमाणे शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे, आणि त्याचा निर्णय पटला नाही तर तीस दिवसांत परिषदेकडे अपील. सतरा-अठरा वर्षांचे पोरगं, खिशात एसटीचे भाडे नाही, ते तीस दिवसांत अपील कुठून करणार?

मित्रहो, इथपर्यंत कायद्यातले शिकाऊ झाले. पण आपल्या पोरांपैकी किती जण खरोखर त्या कायद्याखाली आहेत? ही खरी गोम आहे. कायद्याखालचा शिकाऊ म्हणजे ज्याचा लेखी करार झाला, तो सरकारी सल्लागाराकडे नोंदवला, ज्याला ठरलेला ट्रेड आहे, ठरलेली मुदत आहे, आणि शेवटी ज्याची परीक्षा होऊन सर्टिफिकेट मिळते. बाकीचे जे आहेत ते कंपनीच्या कागदावरचे ट्रेनी. त्यांना कोणी शिकवत नाही. पहिल्या दिवशी हेल्मेट देतात, दुसऱ्या दिवशी मशीन देतात. तिसऱ्या दिवसापासून उत्पादनाचा आकडा मागतात.

"ट्रेनी" ही जात आली कुठून, याचा मी माझ्यापुरता शोध घेतला. महाराष्ट्राच्या नमुना स्थायी आदेशांत असा नियम होता की बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर त्याला कायम करावे. १९७१ च्या राज्य कायद्याने तर कामगाराला वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक, तात्पुरता म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा ठरवली. कामगार कोर्टात जाऊ लागले, जिंकू लागले. तेव्हा मालकांचे वकील काही झोपलेले नव्हते. कायद्यात शब्द आहेत बदली, नैमित्तिक, तात्पुरता. ठीक आहे, आपण हे शब्दच वापरू नका! "ट्रेनी" म्हणा. त्या यादीत ट्रेनी हा शब्दच नव्हता. माणूस तोच, मशीन तेच, पाळी तीच, नुसती पाटी बदलली.

आपल्या तालुक्यातल्या एका गावचे पोरगं, नाव सांगत नाही, आयटीआय फिटर झालेले. एका कारखान्यात लागले. पहिल्या वर्षी त्याच्या पत्रावर "ट्रेनी", दुसऱ्या वर्षी मध्ये पंधरा दिवसांचा खंड देऊन "अप्रेंटिस", तिसऱ्या वर्षी ठेकेदाराच्या नावाने "कौशल्य प्रशिक्षणार्थी". तिन्ही वर्षे काम एकच. रोलमधून निघणारी लाल सळी सांडशीने धरून पुढे द्यायची. ज्याने हे काम पाहिले नाही त्याला सांगतो, सळी कधी कधी सरळ येत नाही, सापासारखी उसळून बाहेर पडते, आणि तेव्हा माणसाला पळायला दोन पावलांची जागा पाहिजे. तशीच एकदा उसळली आणि पोराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात नेले तेव्हा विचारले, ईएसआयचे कार्ड? कार्ड नाही. हजेरीपटावर नाव? नाही, ते वेगळ्या रजिस्टरला. कंपनी म्हणते ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणतो, तो शिकायला आला होता, मी काय त्याला सळी धरायला सांगितले?

आम्ही त्या पोराची बाजू घेऊन उभे राहिलो. कशाच्या जोरावर? त्याच्या बहिणीच्या एका वहीच्या जोरावर. ती पोरगी बारावीला होती. भाऊ घरी आला की रोज त्याला विचारून लिहून ठेवायची: तारीख, पाळी, कोणते मशीन, किती टन माल, साहेब कोण होता. सगळे लिहिलेले. कारण एवढेच की महिनाअखेरीला पैसे कमी यायचे आणि तिला हिशेब लागायचा. ती वही आम्ही अधिकाऱ्यापुढे ठेवली. शिकणाऱ्या पोराच्या नावावर रोज एवढे टन उत्पादन कसे, असे विचारले. उत्तर नव्हते. दवाखान्याचा खर्च मिळाला, भरपाईही मिळाली, पुरेशी नाही पण मिळाली. हाताची दोन बोटे आता मिटत नाहीत. पोरगं सध्या गावी किराणा दुकानात बसते.

आता कायद्याने कुठे काय म्हटले ते थोडे ऐका, मग कंटाळवाणा भाग संपला. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली टेल्कोच्या प्रकरणात सांगितले की शिकाऊ उमेदवार हा ईएसआय कायद्याखाली कर्मचारी नाही. पुढे संसदेने ईएसआयची व्याख्या सुधारली. त्यामुळे १९६१ च्या कायद्याखाली नसलेला शिकाऊ ईएसआयमध्ये आला. २००४ साली उत्तर प्रदेश वीज मंडळाच्या प्रकरणात न्यायालय म्हणाले की करार नोंदवला नाही एवढ्यानेच शिकाऊ हा कामगार होत नाही. हा निकाल आपल्याला जड गेला. पण १९९५ साली उत्तर प्रदेशच्याच एसटी महामंडळाच्या प्रकरणात एक चांगली गोष्ट मिळाली. ज्याने प्रशिक्षण पुरे केले त्याला, बाकी पात्रता सारखी असेल तर, भरतीत प्राधान्य द्यावे, त्याला रोजगार विनिमय केंद्रातून नाव यायची अट लावू नये आणि वयाची सवलत द्यावी. आपली पोरे हा निकाल अर्जाला जोडत नाहीत, कारण त्यांना तो कोणी सांगितलेलाच नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर २२ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक मालकाने, प्रशिक्षण पुरे केलेल्या पोरांना घेण्याबाबत आपले धोरण तयार केले पाहिजे. कंपनीच्या गेटवर जाऊन विचारा, साहेब, ते धोरण दाखवा. बहुतेक ठिकाणी साहेब तुमच्याकडेच बघत राहील.

आणि आता नवीन गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राने चार कामगार संहिता अमलात आणल्या. १९४७ चा विवाद कायदा आणि बाबासाहेबांनी मांडलेला १९४६ चा स्थायी आदेश कायदा, दोन्ही औद्योगिक संबंध संहितेत विरघळले. नव्या व्याख्येत "शिकाऊ उमेदवारासह" हे शब्द गेले आणि त्या जागी "१९६१ च्या कायद्यातील शिकाऊ उमेदवार वगळून" असे शब्द आले. "सह" चे "वगळून" झाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांत एवढाच प्रवास! शिवाय स्थायी आदेश आता ३०० कामगार असलेल्या कारखान्याला. आपल्या राज्यात आधी पन्नासाला लागत होते. जालन्याच्या किती मिलमध्ये पटावर तीनशे माणूस आहे ते तुम्हीच मोजा. पटावर म्हणतो मी, आत नव्हे.

पण नीट वाचले तर एक फट आहे, आणि ती मी तरुणांना मुद्दाम दाखवतो. संहितेने वगळले ते १९६१ च्या कायद्याखालच्या शिकाऊला. कंपनीने नुसते "ट्रेनी" म्हटलेल्या पोराला वगळलेले नाही. ते पोरगं मोबदला घेऊन कारखान्याचे काम करत असेल तर ते कामगार आहे असे म्हणायला जागा आहे. तात्पुरते म्हणून वर्षानुवर्षे ठेवणे ही अनुचित प्रथा आहे, हे नव्या संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही लिहिलेले आहे. म्हणून पहिला प्रश्न हाच, की तुझा कागद कोणता?

विद्यावेतनाचे सांगतो, कारण आयांना त्याचीच जास्त काळजी. २०१४ साली नियमात चांगला बदल झाला होता. शिकाऊ पोराला पहिल्या वर्षी अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाच्या ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या वर्षी ९० टक्के. म्हणजे किमान वेतन वाढले की त्याचेही वाढणार. हातगाडी बैलगाडीला बांधल्यासारखी. २०१९ साली ती दोरी कापली. आता ठोक रुपये: पाचवी ते नववीला ५,०००, दहावीला ६,०००, आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला ९,०००. हे कमीत कमी आहे, जास्त द्यायला कोणी अडवले नाही, पण कमीत कमी हेच बहुतेकांचे जास्तीत जास्त असते. दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ. आयटीआयच्या पोराचे सात हजार २६ दिवसांनी भागले तर दिवसाला २६९ रुपये पडतात. आपल्याकडे सोयाबीन काढायला जाणाऱ्या बाईला याहून जास्त रोज मिळतो, आणि तिला कोणी सर्टिफिकेट मागत नाही. २०२५ साली केंद्रीय परिषदेने ३६ टक्के वाढीची शिफारस केली. पण आपली मागणी रुपयांची असू नये असे माझे मत आहे. रुपया आज वाढतो आणि पाच वर्षे तिथेच पडून राहतो. मागणी दोरीची असावी. पुन्हा टक्केवारी बांधा, आणि ती किमान वेतनाला नव्हे, त्या कारखान्यात कुशल कामगाराला करार किंवा निवाड्याने जो पगार ठरला असेल त्याला बांधा.

हे काही जगावेगळे मी बोलत नाही. ऑस्ट्रेलियात उद्योगवार निवाडे असतात आणि त्यांतच शिकाऊ पोराचे कलम असते. तिथल्या आयोगाने २०१३ साली ठरवले की २०१४ पासून नव्याने लागणाऱ्या पहिल्या वर्षाच्या शिकाऊला कुशल कारागिराच्या दराच्या निम्मे, आणि बारावी झालेला असेल तर ५५ टक्के मिळतील. कारागिराचा पगार वाढला की पोराचा आपोआप वाढतो. वेगळे भांडायला नको. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही २०२३ साली शिकाऊ उमेदवारीवर २०८ क्रमांकाची शिफारस केली आहे.

मालक काय म्हणतात तेही प्रामाणिकपणे सांगतो. ते म्हणतात, पूर्ण पगार द्यायचा तर आम्ही शिकाऊ घेऊ कशाला? नवे पोरगं पहिले तीन महिने माल खराब करते, आमचा फिटर त्याच्या मागे अडकतो. यात थोडे खरे आहे. लहान वर्कशॉपवाला, जो स्वतःच लेथवर उभा असतो, त्याची अडचण मला कळते. त्याच्यासाठी सरकारने भार उचलावा. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत केंद्र विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, देतेच आहे. पण जो मोठा कारखानदार एकाच वेळी दोनशे ट्रेनी आणि चाळीस कायम कामगार चालवतो, त्याने माल खराब होण्याची गोष्ट आम्हाला सांगू नये. दोनशे पोरे माल खराब करत असती तर तो कारखाना सहा महिन्यांत बंद पडला असता.

एक गोष्ट आपल्या माणसांनी विशेष ध्यानात घ्यावी. शिकण्याचा प्रश्न आपल्यासाठी नुसता पगाराचा कधीच नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत आपले आजे-पणजे गेले. त्यांना रिंग खात्यात घेत, झाडझुडीला घेत, पण साच्यावर, म्हणजे विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे शिरू देत नसत. कारण काय, तर सूत तुटले की धोट्याला तोंड लावून धागा ओढावा लागे, थुंकी लागे, आणि बाकीच्यांना विटाळ होई. विणकाम हे काही शाळेत शिकवत नव्हते. साच्याशेजारी उभे राहून शिकायचे. उभेच राहू दिले नाही तर शिकणार कसे? १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे उभा केला. पुढे १९४२ साली ते सरकारात गेले तेव्हा व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांच्या तांत्रिक शिक्षणाचा मुद्दा घातला. त्यांना ठाऊक होते, की ज्याला मशीनजवळ उभे राहून हुन्नर शिकू देत नाहीत तो पिढ्यान्‌पिढ्या झाडूच मारणार. त्या काळी मशीनजवळ येऊ देत नव्हते. आज मशीनजवळ उभे करतात, काम करून घेतात, आणि कागदावर म्हणतात, हा अजून शिकतोच आहे.

आपल्या भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. इथल्या माणसांनी सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान दिल्याचे तिथल्या शिलालेखांत कोरलेले आहे. सत्तरच्या दशकात इथे उत्खनन झाले त्यात हस्तिदंताची कोरीव मूर्ती निघाली. ती कोरणारा हात एका दिवसात तयार झाला नसणार. कोणीतरी त्याला शेजारी बसवून शिकवले असेल. त्या काळच्या शिष्याला पालीत अंतेवासी म्हणत. जातकात दोन प्रकारचे शिष्य सांगितले आहेत. एक गुरूला दक्षिणा देऊन शिकणारा, दुसरा ज्याच्याकडे द्यायला काही नाही म्हणून दिवसा गुरूचे काम करून रात्री शिकणारा. आपली पोरे दुसऱ्या प्रकारातली. फरक एवढाच, की त्या गुरूला रात्री शिकवावे लागे. आजच्या मालकाला तेही बंधन नाही.

भन्तेजी इथे बसलेले आहेत, मी चुकलो तर त्यांनी कान धरावा. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी सहा दिशा सांगितल्या. दक्षिण दिशा म्हणजे आचार्य. त्याने शिष्याला नीट शिकवावे, हातचे राखू नये, आणि तो बाहेर पडेल तेव्हा त्याचे संरक्षण होईल असे करावे. खालची दिशा म्हणजे कामकरी. मालकाने त्याला झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात सांभाळावे, चांगले-चुंगले मिळाले तर वाटून द्यावे, वेळेवर सुट्टी द्यावी. मी हे वाचले तेव्हा मला वाटले, आपले ट्रेनी पोरगं दोन्ही दिशांना उभे आहे. ते शिष्यही आहे आणि कामकरीही आहे, म्हणून त्याच्याबाबत मालकाची कर्तव्ये दुप्पट व्हायला पाहिजेत. १९६१ च्या १८ व्या कलमाने एक दिशा पुसली. आणि न शिकवता राबवून घेणाऱ्याने दुसरीही पुसली.

सरकार तरी मागे आहे का? २०१३ साली तंत्रशिक्षण परिषदेने "नीम" नावाची योजना काढली. त्यात पुणे-चाकणकडे हजारो पोरे "प्रशिक्षणार्थी" म्हणून लागली, नंतर ती योजनाच बंद केली. जुलै २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००, मुदत सहा महिने. पुढे पाच महिने वाढवून अकरा केले. शाळांत, ग्रामपंचायतींत, कचेऱ्यांत पोरापोरींनी कामे केली, मग मुदत संपली आणि ती रस्त्यावर येऊन "आम्हाला कायम करा" म्हणू लागली. काही लोक त्यांना हसले. म्हणाले, प्रशिक्षण होते, नोकरी नव्हती. मी हसणार नाही. ज्या शाळेत शिक्षक कमी होता तिथे त्या पोरीने अकरा महिने वर्ग सांभाळला असेल तर ती शिकत होती का शिकवत होती?

तर आता करायचे काय? युनियनवाल्यांना माझे सांगणे आहे, आणि मी स्वतः युनियनचा माणूस आहे म्हणून बोलतो. आपण दर तीन वर्षांनी मागणीपत्र देतो. त्यात कायम कामगारांची वाढ, बोनस, कँटीन, दिवाळीची भेट, सगळे असते. शिकाऊंसाठी एक ओळ नसते. कायम माणसाला वाटते, ते पोरगं आपले नाही, उद्या आपली जागा घेईल. अहो, ते आपल्याच घरातले आहे! कायद्याने निवाडा लागू केला नाही तरी करारात दोन्ही पक्षांनी लिहिले तर कोणी अडवत नाही. एकूण माणसांत शिकाऊ किती असतील, त्यांना कुशल पगाराच्या किती टक्के मिळतील, रात्रपाळीला त्यांना एकटे ठेवायचे नाही, आणि जागा निघाली तर आधी त्यांना घ्यायचे, एवढ्या चार गोष्टी करारात घालून घ्या. ओव्हरटाइम तर सल्लागाराच्या मंजुरीशिवाय शिकाऊला लावताच येत नाही. हे १५ व्या कलमात आहे, नुसते दाखवायची खोटी.

आणि पोरांनो, तुमच्यासाठी. रुजू होताना जो कागद देतील त्यावर सही करायच्या आधी मोबाईलमध्ये फोटो काढा. कोऱ्या कागदावर सही नको. अप्रेंटिस म्हणत असतील तर कराराचा नोंदणी क्रमांक मागा, पोर्टलवर दिसतो. दिसला नाही तर जिल्ह्याच्या आयटीआयमधल्या मूलभूत प्रशिक्षण केंद्रात जाऊन विचारा, फुकट आहे. अनुसूचित जातीची जागा भरली का, तेही तिथेच विचारता येते. ट्रेनी म्हणत असतील तर ईएसआय नंबर मागा. विद्यावेतन बँकेतच घ्या, हातात नको. आणि घरात कोणी लिहिणारे असेल, बहीण असो, बायको असो, तिला एक दोनशे पानी वही आणून द्या.

माता-भगिनींना एकच विनंती. पोरगं घरी आल्यावर "किती मिळाले" हे तुम्ही विचारता. त्याच्या आधी "आज काय शिकलास" हे विचारा. सलग महिनाभर "काही नाही, तेच मशीन" असे उत्तर आले, तर त्याला ते सहन कर म्हणू नका. त्याला माझ्याकडे पाठवा. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी वंदना झाल्यावर मी इथेच विहाराच्या अभ्यासिकेत बसतो. येताना नेमणुकीचे पत्र, बँकेचे पासबुक आणि असेल तर हजेरीचे कार्ड, तिन्हीच्या झेरॉक्स आणाव्यात. मूळ कागद कोणाकडेही देऊ नयेत, माझ्याकडे सुद्धा नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.